सूर्यास्त सहा अडतीसला

रागावर ताबा मिळवण्याच्या वर्गातलं टेबल फरशीला स्क्रूने जखडून टाकायचं, असा ठराव चर्चच्या कमिटीने एकमताने केला आणि ते काम मंडळीतल्या एकुलत्या एका सुतारणीला दिलं. वर्गातली एकुलती एक विद्यार्थिनीही तीच होती. तिने इमानेइतबारे बारा स्क्रू पिळले, टेबल हलवून पाहिलं आणि खुर्ची ओढून स्वतःच त्याच्यापुढे बसली.

तिला सगळे काडेपेटी म्हणत. यात अन्याय काही नव्हता. तिची आत्या चाकाच्या खुर्चीत आणि चर्चला पायऱ्या तीन, म्हणून तिने लाकडी उतार बांधला होता. तो कमिटीच्या सेक्रेटरींनी काढून टाकला. लग्नाच्या फोटोत बरा दिसत नाही म्हणे! त्यावर काडेपेटी जे बोलली ते कुठल्याच प्रार्थनेत बसणारं नव्हतं, आणि हातातली हातोडी फुलांच्या कुंडीत जाऊन पडली. ती कुणाला लागली नाही. फक्त सेक्रेटरींच्या मनाला लागली.

तेव्हापासून आत्या पायऱ्यांखाली बसून उपासना ऐकायची. "प्रवचनाचं काही नाही गं," ती म्हणायची, "पण गाण्यात मुख्य सुराच्या जोडीचा दुसरा आवाज माझा आहे. तो बाहेर बसलाय."

चार वर्ग करून 'माझ्या मनात आता राग नाही' या कागदावर सही केली, की उताराचा विषय कमिटीपुढे येणार होता. आज चौथा वर्ग.

"कर सही," वर्ग घेणारे चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हणाले. "सुटलो दोघंही."

"टेबल का जखडायला लावलंत?"

"सेक्रेटरींना धास्ती. प्रभू येशूने रागावून मंदिरातल्या व्यापाऱ्यांची टेबलं उलथली, तो बायबलमधला पाठ मागच्याच रविवारी झाला ना."

"म्हणजे प्रभू आले असते तर त्यांनाही चार वर्ग?"

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"सही नाही करत मी," ती म्हणाली. "खोटं होईल. राग आहे. चांगला घसघशीत आहे."

"अगं, राग येणं पाप नाही. रागाच्या भरात पाप करू नये आणि सूर्य मावळेपर्यंत तो उरवू नये, इतकंच."

"मावळतो किती वाजता?"

पाळकसाहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं. सहा अडतीस. घड्याळात पाच पन्नास झाले होते.

काडेपेटीने पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला.

"हे काय करतेस?"

"राग आवरतेय."

पहिल्या दोन स्क्रूंना पाळकसाहेब "अगं, अगं" म्हणाले. तिसऱ्यापासून ते स्क्रू ओंजळीत धरू लागले. तिने टेबलाचे पाय सोडवले, फळीखालच्या दोन्ही टोकांच्या पट्ट्या उखडल्या आणि आठ फुटी टेबल दोघांनी बाहेर नेऊन पायऱ्यांवर उलथं टाकलं. लांब बाजूंच्या पट्ट्या आता कठड्यासारख्या वर आल्या. चाक घसरायचं म्हटलं तरी घसरणार नव्हतं. बाराही स्क्रू तिने फळीतून लाकडी उंबरठ्यात पिळले.

आत्या गाण्याच्या सरावासाठी खाली येऊन बसलीच होती. तेवढ्यात सेक्रेटरी आले आणि थेट उताराच्या माथ्यावर उभे राहिले.

"चार वर्ग झाले तरी राग गेला नाही वाटतं!"

"अजून आठ मिनिटं आहेत, काका."

"उद्याच्या उद्या काढायला लावतो हे."

"लावा. मंडळीत सुतार एकच आहे."

सेक्रेटरींनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेब पुन्हा चष्मा पुसत होते.

"बाजूला हो रे," खालून आत्या म्हणाली. "रविवारच्या शाळेत तुला रांगेत उभं राहायला मीच शिकवलं. दारात उभं राहायला नव्हतं शिकवलं."

सेक्रेटरी बाजूला झाले. काडेपेटीने जोर लावला आणि खुर्ची वर गेली. थोड्या वेळाने आतून दुसरा आवाज ऐकू आला. जरा गंजलेला, पण सुरात.

काडेपेटीने कागद मागून घेतला, सही केली आणि खाली वेळ टाकली: सहा पस्तीस. मग थोडा विचार करून आणखी एक ओळ लिहिली आणि कागद सेक्रेटरींच्या हातात दिला.

'सदर सही उतार जागेवर असेपर्यंतच लागू.'