पिवळा मोर

हॉलिवूडमध्ये येऊन सेबेशबाईंनी ढिगाने झगे शिवले, पण पडद्यावर दिसले ते फक्त झग्यांचे गळे. खालचा झगा दर वेळी चित्राबाहेर राहायचा. या वेळी मात्र दिग्दर्शक हॅडलीसाहेबांनी शब्द दिला होता. नायिका मोर होऊन जिना उतरेल आणि पिसाऱ्यासकट पुरती दिसेल.

म्हणून बाईंनी जीव ओतून मोर शिवला, तोही पिवळा आणि विटकरी. त्या काळच्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर निळं कापड पांढरंफटक यायचं आणि पिवळं-विटकरी गडद. उघड्या डोळ्यांना झगा दळभद्री दिसत होता. त्याचं रूप खुलणार होतं ते पडद्यावरच.

सकाळीच मेव्हिसला त्यात घालून पाठीवर टाके मारले. आता उसवल्याशिवाय सुटका नाही आणि बसायचीही सोय नाही. बिचारी नायिका तिरप्या फळीला टेकून उभी होती.

“मिसेस सेबेश, माझे पाय गेले हो.”

“जाऊ देत. झग्याखाली कोण बघतंय?”

“निदान सँडविच तरी द्या.”

“आणि टाके तटतटले की तू शिवणारेस? गप उभी राहा.”

हॅडलीसाहेब दिवे इकडचे तिकडे करत राहिले. दुपार टळली. मग ते हात चोळत आले.

“जिना राहू द्या. चेहराच जवळून घेऊ. मेव्हिस कशी छान दमलेली दिसतेय.”

“आणि माझा झगा?” बाईंनी विचारलं.

“खांदे येतील की.”

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली, पण बोलून काही उपयोग नव्हता. चेहरा घेऊन झाला तशी त्यांनी कात्री काढली आणि मेव्हिसच्या पाठीवरचे टाके खसाखसा कापले. पोरगी जिन्यावरच फतकल मारून बसली आणि सँडविचवर तुटून पडली. पिसारा पायऱ्यांवर पसरला.

शेजारी कॅमेरावाला गस आवराआवर करत होता. त्याच्या गळ्यात निळी काच होती. तिच्यातून बघितलं की कॅमेऱ्याला दिसतं तसं दिसायचं. बाईंनी काही न विचारता ती ओढून घेतली आणि डोळ्याला लावली.

जिन्यावर मोर बसला होता. पिसाऱ्यावरचा डोळा न डोळा जिवंत होता. कुठेही काही चुकलं नव्हतं. चुकलं असतं तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

“पिसाऱ्यावर चुरा सांडू नकोस,” त्या मेव्हिसवर खेकसल्या.

गसने काचेसाठी हात पुढे केला. बाईंनी तो झटकून टाकला.