तेल आटलेल्या पंपाची कैफियत

मित्रांनो, गाडीचे बॉनेट उघडले तरी माझ्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. मी एक जुना पॉवर स्टिअरिंग पंप आहे. इंजिनाचा पट्टा मला फिरवी, मी तेलाला जोर देई आणि त्या जोरावर गाडीची चाके हलक्या हाताने वळत. आज मात्र मी अंगणात वर्तमानपत्रावर पडलो आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या तपासनीस बाईंनी मला कानाशी धरून फिरवले आणि म्हणाल्या, “आवाज नाही. गुणी आहे!” ते माझे पहिले कौतुक. मग आमची गाडी एका निवृत्त बसचालकाच्या घरी आली. चालवायची मात्र त्यांची मुलगी. ती दातांच्या कवळ्या बनवायची. सगळे काम बोटांचे. अरुंद गल्लीतून ती एका हाताने गाडी वळवी, तेव्हा मला धन्य वाटे.

पुढे माझ्या नळीच्या सांध्यातून तेल गळू लागले. तेल कमी झाले, तसा वळताना मी कण्हू लागलो. मुलीच्या ते लगेच ध्यानात आले.

“बाबा, वळवताना कसलातरी आवाज येतो. आणि स्टिअरिंग जड लागतंय.”

“जड? आमच्या बसचं चाक फिरवलं असतंस, तर कळलं असतं जड म्हणजे काय ते!” बाबा हसले. तरी त्यांनी बॉनेट उघडले, इंजिनातल्या तेलाची पट्टी ओढून पाहिली आणि म्हणाले, “तेल आहे की! उगाच मनाचे खेळ.”

माझ्या तेलाची डबी तिथून वीतभर अंतरावर होती. ती रिकामी होत आली होती. मुलीने आणखी एकदा सांगून पाहिले, मग सांगणेच सोडले. ती दोन्ही हात आणि खांदा लावून गाडी वळवू लागली.

एके दिवशी बाजाराच्या वळणावर अचानक एक सायकलवाला समोर आला. तिने जीव खाऊन चाक फिरवले. माझ्या पोटात तेलाऐवजी हवाच होती. सायकलवाला वाचला, पण गाडी भिंतीवर आदळली आणि तिचे उजवे मनगट मोडले. आणखी थोडा जोर मला लावता आला असता तर? हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

तिच्या हाताला प्लास्टर पाहून आई एवढेच म्हणाली, “आयुष्यभर बस चालवलीत, पण घरातल्यांचा हॉर्न काही तुम्हाला ऐकू आला नाही.”

गॅरेजवाल्याने भिंतीवर आपटलेला पत्रा सरळ करून दिला, पण पंप बाबांनी त्याला बदलू दिला नाही. “तेवढं माझं मलाच करू दे,” म्हणाले.

आज सकाळी त्यांनी पुढची चाके उचलून गाडी स्टँडवर ठेवली, पट्टा काढला, नळ्या सोडवल्या. एक बोल्ट हलेना. त्याच्या नादात त्यांची बोटे सोलून निघाली. मी हातात आलो तेव्हा त्यांनी मला फिरवून पाहिले. मी खरखरलो. मग त्यांनी मला वर्तमानपत्रावर ठेवले.

मुलगी पायरीवर येऊन बसली. “खराब झालाय ना?”

“पार गेलाय. तू सांगत होतीस आणि मी नीट बघितलंच नाही.”

“बघितलंत की. पण मला गप्प करायला.”

“हो,” बाबा म्हणाले. त्यांनी नवा पंप खोक्यातून काढला.

नवा पंप बसला, नवी नळी बसली, तेल भरले. आतली हवा घालवायला कुणीतरी चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे लागते. आधी बाबांनी स्वतः फिरवून पाहिले. त्यांना सगळे ठीक वाटले. तरी त्यांनी तिला हाक मारली, “येतेस? डाव्या हाताने जमेल तुला.”

तिने चाक फिरवले. “हलकं झालंय. पण डावीकडे अजून अडतंय जरा.”

“थांब,” म्हणत बाबांनी डबीचे झाकण काढले. तेलात अजून बुडबुडे येत होते.

मित्रांनो, मी आता भंगारात जाईन. त्याचे मला दुःख नाही. पण यंत्र कण्हू लागले तर त्याच्याकडे वेळेवर बघा. आणि घरातले कुणी ‘जड जातंय’ म्हणाले, तर आपल्या वेळच्या गोष्टी सांगत बसू नका. जड त्यांच्या हाताला लागत असते.

बाबांनी आत्ताच विचारले, “आता?” ती चाक फिरवते आहे, आणि तेलाने माखलेले हात तसेच धरून ते उत्तराची वाट पाहत उभे आहेत.