चमचा कुणाच्या हातचा

आतलिश्को गावात फुलांची रोपवाटिका चालवणाऱ्या क्रिस्पीनला अर्धांगाचा झटका आला आणि त्याचं गिळणं बिघडलं. इस्पितळातून घरी आला तेव्हा तोंड एका बाजूला ओघळलेलं. पाण्याचा घोट घेतला तरी ठसका लागायचा. गिळायला शिकवायला इस्पितळातली यारेली नावाची तरुण मुलगी घरी येऊ लागली, आणि त्याची बायको ओब्दुलिया हिचं डोकं फिरलं.

यारेली "जीभ बाहेर" म्हणाली की तो जीभ बाहेर काढायचा. "टाळूला लावा" म्हणाली की टाळूला लावायचा. तिच्या हातून मक्याची दाट पेज, आतोले, मुकाट गिळायचा. तीच पेज ओब्दुलियाने भरवली की दुसऱ्या चमच्याला खोकला.

"माझ्या हातात काटे आहेत का रे म्हाताऱ्या?" ती करवादायची. "जन्मभर माझ्या हातचं खाल्लंस, आता त्या पोरीच्या हातचं गोड लागतं होय!"

इस्पितळात यारेलीने त्याच्या गिळण्याची क्ष-किरणांची चित्रफीत दाखवली होती. घास जिभेवरून मागे सरकताना, श्वासनलिकेवर झाकण पडताना दिसत होतं. ओब्दुलियाला तेच डाचत होतं. नवऱ्याच्या घशाच्या आत काय आहे हे आपल्याआधी या पोरीने पाहिलं!

एका सकाळी, यारेली यायच्या आधी, ओब्दुलियाने कोंबडीचा रस्सा केला. पातळ देऊ नका असं यारेलीने बजावलेलं होतं. पण हा रस्सा त्याच्या फार आवडीचा. आज माझ्या हातून उतरतोच कसा नाही, बघते, असं म्हणत तिने चमचा पुढे केला.

रस्सा श्वासनलिकेत गेला. क्रिस्पीनचे डोळे पांढरे झाले, ओठ काळेनिळे. ओब्दुलिया किंचाळली. तेवढ्यात दारात आलेल्या यारेलीने धावत येऊन त्याला पुढे वाकवलं. "खोका! जोरात खोका!" खोकून खोकून अखेर त्याचा श्वास मोकळा झाला.

"ओब्दुलियाबाई, पातळ का दिलंत?"

"तुझ्या हातून गिळतो," ओब्दुलिया रडत म्हणाली, "माझ्या हातून का नाही?"

क्रिस्पीन सावरल्यावर यारेलीने पेजेची वाटी ओब्दुलियाच्या हातात दिली. "भरवा. मी बघते."

ओब्दुलिया उभी राहिली, चमचा पुढे केला. क्रिस्पीनने मान वर केली.

"थांबा! तुम्ही उभ्या असता म्हणून ते मान वर करतात. मग श्वासनलिका उघडी पडते. बसा इथे, त्यांच्यापेक्षा खाली."

ओब्दुलिया जवळच्या बुटक्या लाकडी ठोकळ्यावर बसली. क्रिस्पीनची हनुवटी छातीकडे झुकली. यारेलीने ओब्दुलियाची बोटं त्याच्या कंठमण्यावर ठेवली. ओब्दुलियाने चमचाभर पेज भरवली. मणी वर उचलला गेला, खाली आला. खोकला नाही.

"गेला!" ओब्दुलिया ओरडली. मग नवऱ्याकडे डोळे वटारून, "आणि हिच्यापुढे बरा मान खाली घालून बसायचास!"

क्रिस्पीन अडखळत, बोबड्या जिभेने म्हणाला, "हिच्या... चमच्याकडे बघतो. तुझ्या... तोंडाकडे."

"खोटारडा मेला," ती म्हणाली. कानशिलं लाल झाली होती. मग यारेलीकडे वळली. "यापुढे तू नुसतं सांगायचं. चमचा मी धरणार."

यारेली पुढे कितीतरी आठवडे येत राहिली. तिला खुर्ची मिळायची, कॉफीही मिळायची. फक्त खुर्ची असायची खिडकीपाशी, क्रिस्पीनपासून चांगली लांब.