स्लाइड ओढल्याचा आवाज

"कोणाला पटायचं नाही, पण काल मी नुसत्या आवाजाने चोर पळवला!" बंदुकीच्या दुकानात कॉफीचा कप दोन्ही हातांनी घट्ट धरून वर्ना टकर म्हणाली.

नवरा गेल्यापासून ती अमेरिकेत, टेनेसीतल्या आपल्या शेतावर एकटीच राहायची. शेजारचं घर चोरांनी फोडल्यावर तिची झोप उडाली, म्हणून परवाच तिने इथून आयुष्यातलं पहिलं हत्यार नेलं होतं.

"तिन्हीसांजेला मागच्या दाराची मूठ हळूच फिरली. दारापलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं, अगदी मला ऐकू येईल असं. मग मी पिस्तुलाची ती वरची सरकती स्लाइड खस्सकन मागे ओढली. गडी असा पळाला, की त्याचे बूट पायरीवरच राहिले!"

दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं खो खो हसली. दुकानदार हार्लन मात्र तिच्या बोटांकडे बघत होता.

"वर्नाताई, स्लाइड तुमच्या दुखऱ्या बोटांना ओढवेना, म्हणून तर मी तुम्हाला रिव्हॉल्व्हर दिलं. त्याला स्लाइड नसतेच. खरं सांगा, तो पळालाय ना, की अजून त्या पायरीवरच पडलाय?"