पाय टेकला की नापास

रविवारी सकाळी मला पदवी मिळणार होती आणि शनिवारी दुपारपर्यंत मला धड पोहता येत नव्हतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मी चार वर्षं धरून चाललो होतो. आमच्या विद्यापीठाचं मत वेगळं होतं. इथे तुम्ही तत्त्वज्ञान शिका नाहीतर मधमाश्या, पोहण्याच्या टँकच्या तीन फेऱ्या मारल्याशिवाय पदवी नाही. कुणा देणगीदाराचा मुलगा बुडाला होता म्हणतात. काही जण म्हणतात, देणगीदारच बुडाला.

बाकीच्यांनी हे पहिल्या वर्षीच उरकलं. तेव्हा माझा कान दुखत होता. दुसऱ्या वर्षी टँक दुरुस्तीला काढला होता. तिसऱ्या वर्षी कुणी विचारलं नाही, चौथ्या वर्षी मी आठवण करून दिली नाही. गुरुवारी ऑफिसातून फोन आला. शनिवारी दुपारी शेवटची संधी. नाही जमलं तर रविवारी मंचावर खुशाल ये, हात मिळव, टाळ्या घे. फक्त हातात दिलेलं पदवीचं कव्हर रिकामं असेल.

मी दोन दिवस रूममेटकडून कुत्र्यासारखं पोहायला शिकलो. कुत्र्याला ते जास्त शोभतं.

आई ओहायोहून एकटी गाडी चालवत आली होती, टायरचं दुकान बंद ठेवून. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. रिकाम्या कव्हराचं मी तिला सांगितलंच नव्हतं.

"एमेट, पाय हलवू नकोस," ती मांडवाखाली जेवताना म्हणाली. "टेबल हलतंय."

"मी नाही हलवत."

"मग काय भूकंप आहे? शेजारच्या काकांचं सूप सांडलं."

शेजारचे काका विद्यापीठाच्या नारिंगी कोटात होते. त्या दिवशी सगळं विद्यापीठच नारिंगी कोटात होतं. आम्ही पदवी घेऊन निघणार त्याच शनिवार-रविवारी जुन्या बॅचेस परत येतात, पाच वर्षांपूर्वीच्या, पंचवीस वर्षांपूर्वीच्या, आणि सगळ्यात उत्साही म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या.

"मी जरा पोहून येतो," मी म्हणालो.

"आत्ता? जेवल्यावर?" आईने पर्स उचलली. "थांब, मी येते. फोटो काढते."

टँक तळघरात आहे. दार उघडलं तर आत पन्नास वर्षांपूर्वीची बॅच. गळ्यात नावाचे बिल्ले, त्यांवर कॉलेजातले फोटो, हातात फोमचे डंबेल. पाण्यावर विशीतले चेहरे तरंगत होते आणि त्यांच्या वर सत्तरीतले.

"कोच, हे काय?" मी कोच हॅलिननना विचारलं.

"पाण्यातला व्यायाम. मला तरी कुठे कोणी विचारलं?" त्या वैतागून म्हणाल्या. "तू त्यांच्यामधून वाट काढ. तीन फेऱ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक. मध्ये कडा धरायची नाही. पाय टेकला की नापास. आणि तीनला टँक बंद होतो."

"नापास म्हणजे?" पायऱ्यांवर बसलेल्या आईने विचारलं.

कोचबाईंनी सगळं सांगितलं. कव्हराचंही. आई माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "उतर पाण्यात. तुझ्याशी नंतर बोलते."

एवढ्यात म्हाताऱ्यांना सुगावा लागला. "परीक्षा आहे रे पोराची!" लायल नावाचे टकलू आजोबा ओरडले. सगळे कडेला सरकले. "हनुवटी वर! पाय मार, लेका! पाण्याला घाबरू नकोस, आम्ही सगळे डॉक्टर आहोत!"

"मी दातांची आहे," ग्रेचन आजी म्हणाल्या.

पहिली फेरी मी नाकाने मारली. दुसऱ्या फेरीत उथळ टोकाकडे परत येईपर्यंत माझे दंड दुसऱ्या कुणाचे तरी झाले होते. माझी अवस्था बघून ग्रेचन आजींना भरून आलं आणि त्यांनी मला जोर यावा म्हणून विद्यापीठाचं गाणं सुरू केलं.

त्या गाण्याचा नियम साधा आहे. ऐकू आलं की असाल तिथे उभं राहायचं, घंटेच्या मनोऱ्याकडे तोंड करायचं, छातीवर हात ठेवायचा आणि संपेपर्यंत हलायचं नाही. मागे एकदा गाण्याच्या मध्येच आगीचा भोंगा वाजला, तर चौथं कडवं संपेपर्यंत कुणी बाहेर पडलं नाही. बंब घेऊन आलेला एक जण इथलाच माजी विद्यार्थी निघाला. तोही उभा राहिला.

तळघरातून मनोरा दिसत नाही, पण तो थंड पेयांच्या मशीनच्या बाजूला आहे हे सगळ्यांना ठाऊक. सगळी बॅच तिकडे वळली. कोचबाई वळल्या. आणि चार वर्षांच्या सवयीने मीही वळलो, उभा राहिलो, छातीवर हात ठेवला. फरशी गार होती. दुसरं कडवं संपताना ती पायाखाली आहे हे माझ्या लक्षात आलं.

कुणीच पाहिलं नव्हतं. मी हळूच पाय उचलणार, तोच भिंतीवर लखकन उजेड पडला.

"काय छान उभा राहिलास रे!" आई ओरडली. "अगदी कॉलेजवाला दिसतोस!"

गाणं थांबलं. सगळे वळले. मी कंबरभर पाण्यात.

"टेकलास," कोचबाई म्हणाल्या.

"गाणं चालू होतं, कोच! कोण नाही उभं राहणार?"

"मी उभी राहिलेच की. पण मला परीक्षा नाहीये."

आईच्या हातातला मोबाइल खाली आला. "माझ्यामुळे का?" तिने विचारलं. मग ती कोचबाईंना म्हणाली, "तीन वाजले नाहीयेत अजून. परत पोहेल तो."

"आई, माझे हात..."

"हात नंतर दुखू देत."

मी परत पहिल्यापासून सुरू केलं. म्हातारे गप्प होते, श्वासही जपून घेत होते. दुसरी फेरी संपत आली आणि ग्रेचन आजींचे ओठ हलू लागले.

"ग्रेचन, नको," लायल आजोबा कुजबुजले.

"दोन कडव्यांवर सोडलंय, लायल! असं कधी कुणी सोडलंय का?"

आणि तिसरं कडवं सुरू झालं. सगळी बॅच मशीनकडे वळली. माझे गुडघे आपोआप सरळ व्हायला लागले. मी ते पोटाशी ओढले, बेडकासारखा वळलो आणि खोल टोकाकडे हातपाय मारत सुटलो. गाण्यात मी एवढा छपाक छपाक आवाज करत होतो की मलाच लाज वाटली. एक बिल्ला कानाला लागला. दोनदा गटांगळ्या खाल्ल्या. पायऱ्यांवरून आई माझ्या नावाने नुसती "ए! ए! ए!" करत होती. कोचबाईंची छाती मशीनकडे होती आणि मान टँककडे. तशी मान फक्त घुबडाची वळते.

मी खोल टोकाची कडा धरली.

"पास," कोचबाई ओठ न हलवता म्हणाल्या. "आता छातीवर हात ठेव. एक कडवं बाकी आहे."