एर्लेनवाल्डच्या गाडीची वाकडी किल्ली

मित्रांनो, माझी दांडी वाकडी आहे. आता मी कुठल्याच कुलपाला लागत नाही. पण मी सरळ होते तेव्हा छत्तीस दारांना लागत असे, आणि त्या दारांमागे बसलेल्या सुमारे दीडशे माणसांना माझ्यावाचून बाहेर पडता येत नसे. मी आगगाडीच्या डब्यांची एक जुनी लोखंडी किल्ली आहे. माझी हकीकत फार आनंदाची नाही, पण ती तुम्ही ऐकावी असे मला वाटते.

जर्मनीतल्या सॅक्सनीत, डोंगराच्या पायथ्याला एर्लेनवाल्ड नावाचे गाव आहे. १८४१ च्या उन्हाळ्यात तिथे पहिली आगगाडी आली. त्या वर्षांत सगळ्या खंडभर रूळ पडत होते. स्टेशनच्या भिंतीवर एक मोठा नकाशा टांगला होता आणि नवी लाइन सुरू झाल्याची बातमी आली की कारकून त्यावर लाल शाईची रेघ ओढी. समुद्रापासून डोंगरांपर्यंत त्या रेघा एकमेकींकडे सरकत चालल्या होत्या. लोक नकाशासमोर उभे राहून कौतुक करीत. पण माणसांच्या सवयी रुळांइतक्या वेगाने सरकत नाहीत, आणि माझा जन्म त्यातूनच झाला.

गावातले कापडाचे व्यापारी बेनेडिक्ट लोझे यांनी चाळीस वर्षे टपालाच्या घोडागाडीतून प्रवास केला होता. घोडागाडीत टोपी उडाली की दार उघडायचे, खाली उतरायचे, टोपी उचलायची आणि चार पावले धावून पुन्हा चढायचे. आगगाडी सुरू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात वाऱ्याने त्यांची नवी टोपी उडवली. लोझे सवयीने उठले, दार उघडले आणि खाली उतरले. गाडी पूर्ण वेगात होती. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून तुटला.

त्यानंतर कंपनीने हुकूम काढला की गाडी निघण्यापूर्वी सगळे डबे दोन्ही बाजूंनी बाहेरून बंद करावेत आणि किल्ली फक्त गार्डकडे असावी. आतून उघडण्याची कडी काढून टाकण्यात आली. खिडक्या आधीच अरुंद होत्या.

मला क्रुमहोल्ट्झ नावाच्या लोहाराने घडवले. टोकाला चौकोनी खोबण, मध्ये जाड दांडी, वर बोटे घालायला कडे. कंपनीचा माणूस नमुना पाहायला आला तेव्हा क्रुमहोल्ट्झने मला त्याच्या हातात ठेवले आणि म्हणाला, "बाहेरून कडी, आतून काही नाही. असं दार मी आजवर फक्त कोंबड्यांच्या खुराड्याला केलंय." कंपनीचा माणूस हसला. क्रुमहोल्ट्झ हसला नाही.

मी ट्राउगोट हेंपेलच्या कमरेला आले. तो आमच्या गाडीचा गार्ड. पूर्वी तो टपालाच्या घोडागाडीवर होता. शिंगाची ललकारी देण्याची त्याची सवय गेली नव्हती, पण आता शिंगाऐवजी त्याच्या हातात मी असे. गाडी सुटण्यापूर्वी तो डब्यांच्या कडेने चालत जाई आणि एकेका दारात मला फिरवी. कुणी घाबरलेले दिसले की म्हणे, "काळजी नको, किल्ली माझ्याकडे आहे." मग शेवटच्या डब्याच्या टोकाला असलेल्या उंच बाकावर चढून बसे.

जवळजवळ तीन वर्षे आमच्या गाडीतून कुणी पडले नाही. आया मुलांना खिडकीतून मला दाखवीत. लोझे लाकडी पायावर चालू लागल्यावर त्यांनी भर चौकात माझी तारीफ केली. हे कुलूप आधी असते तर आज माझे दोन्ही पाय असते, असे ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, मलाही बरे वाटले, हे मी लपवत नाही.

फक्त एक बाई माझ्याकडे रोखून पाहत असे. सिडोनी पाब्स्ट ही सत्तरीची विधवा दर शनिवारी अंड्यांची टोपली घेऊन हार्टग्रुंडच्या बाजाराला जाई. तिचा नवरा खाणकामगार होता. तो एका सकाळी खाली खाणीत गेला आणि वर आलाच नाही. तिच्या वस्तीत एक रीत होती. घरातला माणूस खाली गेला की तो परत येईपर्यंत घराचे दार बाहेरून कुणी लावत नसे, नुसते लोटून ठेवत. तिचे दार चौदा वर्षे तसेच लोटलेले होते. प्रत्येक शनिवारी ती ट्राउगोटला सांगे की माझे दार लावू नकोस. प्रत्येक शनिवारी तो हसून नियम सांगे आणि दार लावी.

दरम्यान एकदा वर्तमानपत्रात दुसऱ्या देशातली बातमी आली. तिथे गाडीला आग लागली होती आणि डबे बंद होते. ट्राउगोटने ती दोनदा वाचली आणि कागद घेऊन स्टेशनमास्तरांकडे गेला. मास्तरांनी वरच्या साहेबांना विचारले. आपली इंजिने वेगळी आहेत, असे उत्तर आले. त्या संध्याकाळी ट्राउगोटने मला तेल लावले आणि बराच वेळ हातात धरून ठेवले.

१८४४ च्या ऑगस्टात लाइनला तीन वर्षे पूर्ण झाली. गावाने उत्सव करायचे ठरवले. आमच्याकडे सणाला दारावर फर झाडाच्या हिरव्या डहाळ्यांच्या माळा लावतात. नव्या घराला लावतात, नवऱ्या मुलीच्या गाडीलाही लावतात. मग आगगाडीला का नको, असे बायका म्हणाल्या. गुरुवारी त्यांनी डहाळ्या आणि गव्हाच्या ओंब्या गुंफून लांब माळा केल्या आणि सहाही डब्यांच्या छपरांवरून खाली सोडल्या. शनिवारपर्यंत दोन दिवस कडक ऊन पडले. माळा अजून हिरव्या दिसत होत्या. इंजिनाच्या धुराड्यातून ठिणग्या उडतात, हे सगळ्यांना माहीत होते. रुळाकाठचे गवत दोनदा जळलेही होते. पण माळ ही शुभ वस्तू. ती पेटेल असे कुणाच्या मनात आले नाही.

प्रत्येक डब्यात तीन कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्याला दोन्ही बाजूंना एकेक दार. पहिल्या डब्याच्या पहिल्या, इंजिनाजवळच्या कप्प्यात पाहुणे म्हणून लोझे बसले. त्यांच्याबरोबर चर्चमध्ये गाणाऱ्या दोन मुली होत्या. बँडवाले शेवटच्या डब्यात. ट्राउगोट एकेक दार बंद करत दुसऱ्या डब्याच्या मधल्या कप्प्यापाशी आला, तर सिडोनी पाब्स्ट टोपली घेऊन बाहेरच उभी. आत सात माणसे वाट पाहत होती. तिने माळेतली एक डहाळी चिमटीत चुरडली आणि तळवा त्याच्यापुढे धरला. त्यात पिवळा भुगा होता.

"ट्राउगोट, हे बघ, आणि मग सांग कुलूप लावतोस का," ती म्हणाली.

"आजी, गाडी खोळंबलीय. बसा आता."

"मग मी चालत जाते. बारा मैल आहेत, पोचेन अंधारापर्यंत. तू तुझी खुराडी लाव."

मागे बँड सुरू झाला होता आणि स्टेशनमास्तर हात हलवत होते. ट्राउगोटने तिला दंडाला धरून वर चढवले. दार लोटले. मला कुलपात घातले, क्षणभर तसेच धरले आणि न फिरवता बाहेर काढले. तीन वर्षांत हे पहिल्यांदाच घडले. माझ्याशिवाय ते फक्त त्या बाईला कळले.

जंगलातल्या चढावर इंजिन जोर करू लागले तेव्हा पुढच्या डब्याच्या छपरावर धूर दिसला. इंजिनामागे धूर असतोच, म्हणून ट्राउगोटने आधी लक्ष दिले नाही. मग त्या धुरात पिवळी जीभ दिसली. त्याने ब्रेक आवळला, निशाण हलवले. ड्रायव्हर पुढे पाहत होता. आग माळेवरून धावत दुसऱ्या डब्यावर गेली. पुढे माणसे दारांवर मुठी आपटत होती आणि मागच्या डब्यात बँड वाजत होता. गाडी थांबायला आणखी पाऊण मैल लागला.

ट्राउगोटने उडी मारली आणि धावला. पेटलेल्या दोन डब्यांना या बाजूने सहा दारे होती. सिडोनीचे दार आतून ढकलून सताड उघडलेले होते आणि आठही माणसे खाली उतरली होती. त्याने शेजारची दोन दारे उघडली. पहिल्या डब्याचीही दोन उघडली. मी इतकी तापले होते की त्याच्या हाताची कातडी मला चिकटत होती. राहिले इंजिनाजवळचे दार. त्या कप्प्याची पलीकडची बाजू आगीने आधीच वेढली होती.

तिथे चौकट आगीने पिळवटली होती. मी कुलपात गेले, पण फिरेना. त्याने माझ्या कड्यात इंजिनावरची लोखंडी पहार घातली आणि अंगाचा सगळा भार टाकला. कुलूप हलले नाही. मी वाकले.

आतून लोझेंनी दोन्ही मुलींना एकामागून एक अरुंद खिडकीतून बाहेर लोटले. ड्रायव्हरने त्यांना झेलले. पण लोझे अंगाने जाड, आणि एका पायावर उभे. त्यांचा फक्त चेहरा खिडकीत मावत होता.

"पक्कं निघालं रे कुलूप, ट्राउगोट," ते म्हणाले. "आता बाजूला हो."

ट्राउगोट बाजूला झाला नाही. छप्पर कोसळले तेव्हा ड्रायव्हरने त्याला ओढून काढले.

पुढच्या महिन्यात गावच्या खानावळीत चौकशी झाली. तीन साहेब लांब टेबलामागे बसले होते. दुसऱ्या डब्याचे मधले दार बंद होते का, असे त्यांनी विचारले. ट्राउगोट नाही म्हणाला. किल्ली विसरलात का, असे त्यांनी विचारले. विसरलो नाही, लावले नाही, असे तो म्हणाला. त्या दारातून उतरलेली आठही माणसे साक्ष द्यायला आली होती. सिडोनी पाब्स्ट उठून म्हणाली, "साहेब, आम्ही जिवंत आहोत हा गुन्हा असेल तर आमचीही नावं लिहा." साहेबांनी तिला खाली बसायला सांगितले. अहवालात लिहिले गेले की एक प्रवासी दगावला आणि गार्डने एक दार नियमाविरुद्ध उघडे ठेवले. जळालेल्या डब्यांची त्या बाजूची बाकीची पाच दारे नियमाप्रमाणे बंद होती, त्यांच्याबद्दल काही लिहिले नाही. ट्राउगोटची नोकरी गेली.

त्याने मला जमा करायला नेले. कारकुनाने मला उलटेसुलटे पाहिले आणि वाकडी किल्ली जमा करून घेता येत नाही म्हणाला. त्याच्या मागे नकाशावर नवी लाल रेघ ओलीच होती. क्रुमहोल्ट्झकडे त्या आठवड्यात बारा किल्ल्यांची मागणी आली. आतून कडी लावून देऊ का, असे त्याने पत्र पाठवून विचारले. नमुन्याप्रमाणे करावे, असे उत्तर आले. त्याने नमुन्याप्रमाणे केल्या.

मित्रांनो, माझ्या बारा बहिणी कुठे गेल्या, त्यांनी किती दारे लावली, मला माहीत नाही. तुमच्याही हातात एक दिवस किल्ल्या येतील. घराच्या, शाळेच्या, कदाचित मोठ्या गाडीच्याही. लोक तुमची तारीफ करतील. तेव्हा दार लावण्यापूर्वी एकदा आत जाऊन बसा, आणि बाहेर पडायला कडी कुठे आहे ते हाताने चाचपून पाहा. ती हाताला लागली नाही, तर मला आठवा.

मी ट्राउगोटच्या घरात दारामागच्या खिळ्याला टांगलेली आहे. तो जाऊन पुष्कळ वर्षे झाली. आता इथे त्याची पणती राहते. खाणवाल्यांची ती रीत त्याने या घरात आणली, आणि तीही पाळते. बाहेर जाताना ती दार नुसते लोटून घेते. वारा सुटला की ते थोडे उघडते आणि मी खिळ्यावर हलते. लोझे अजून परत आलेले नाहीत.