काळे हात आमचे

घरात कौतुकाचा प्रसंग असला की मुलीने कुठे उभं राहायचं हे कुणी सांगत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. स्वयंपाकघराच्या दारात! खंडेनवमीच्या सकाळी म्हैसूरच्या अग्रहारातल्या मनोहररावांच्या घरी त्यांची लेक सुमा तिथेच उभी होती. बाहेर टीव्हीवाले कॅमेरा लावत होते आणि तिच्या हातात कॉफीचा ट्रे होता.

टीव्हीवाले आले होते ते एका सिनेमामुळे. सुमाचा धाकटा भाऊ विश्वजीत आणि त्याचे मित्र शरत व पुनीत यांचा ‘सायरन’ नावाचा रॅप करणारा गट होता. मेटगळ्ळीच्या एका बंद वर्कशॉपमध्ये तो सुरू झाला आणि बघता बघता कर्नाटकभर गाजला. त्या प्रवासावर आता चित्रपट निघाला होता. आदल्याच दिवशी सगळं घर थेटरात जाऊन तो पाहून आलं होतं. शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या, मनोहरराव तर चक्क रडले.

सुमाला रडू आलं नाही. रागही आला नाही.

खरं सांगायचं तर ‘सायरन’मध्ये तिघं नव्हती, चौघं होती. ज्या कानडी गाण्याने गटाचं नाव झालं, त्यातली घरच्या मराठीतली ओळ सुमाची होती. उदबत्त्या वळून काळे पडलेले आईचे हात तिने लहानपणापासून पाहिले होते. आई गेल्यावर तिने ती ओळ लिहिली आणि स्वतःच म्हटली: ‘देव तुमचा, वास तुमचा, काळे हात आमचे!’ पडद्यावर ती ओळ विश्वजीतच्या तोंडी होती. सुमा नावाची एक मुलगीही सिनेमात होती म्हणा. ती पोरांना कॉफी आणून देत होती.

सिनेमावाल्यांना मनोहररावांनीच सांगितलं होतं, “मुलीला गाताना दाखवू नका. सोयरीक बघतोय. पोरांच्यात उभी राहून गाते म्हटल्यावर लोक काय म्हणतील?” विश्वजीत तेव्हा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. सुमा नुसती “बरं” म्हणाली. तेव्हापासून तिच्या आत काहीतरी बधिर झालं होतं, दात काढण्याआधी सुई दिल्यावर ओठ होतो तसं.

पाटावर राणोजीरावांची तलवार मांडली होती. हे त्यांचे पूर्वज, म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळातले. तलवारीशेजारी विश्वजीतचा नवाकोरा माइक होता. या घरात खंडेनवमीला शस्त्रांना कुंकू लावायचं ते पुरुषांनीच. मनोहररावांनी बोट कुंकवात बुडवलं आणि कॅमेऱ्याकडे बघून ते राणोजीरावांचा पराक्रम सांगू लागले.

“मनोहरा,” कोपऱ्यातून आवाज आला, “राणोजीरावांच्या बायकोचं नाव काय रे?”

त्या भवानीबाई, मनोहररावांच्या थोरल्या बहीण. हिनकलला राहायच्या. जन्मभर शाळेत शिकवलेलं, त्यामुळे प्रश्न विचारायची खोड जुनी.

“अय्यो अक्का, ते आत्ता कशाला? सुम्ने, गप्प बैस की!”

“सांग ना. ते मोहिमेवर गेले तेव्हा घर कुणी राखलं? मागं ही तलवार कुणी जपली?”

“गोत्तिल्ला,” मनोहरराव पुटपुटले. “नाही ठाऊक. कुणी सांगितलंच नाही.”

“बघ! तसंच उद्या या घरातलं पोर म्हणेल, सायरनमध्ये तिघंच होते. लोक काय म्हणतील म्हणून भ्यालास? अरे, लोक काहीच म्हणाले नव्हते! त्यांच्या आधी तूच पोरीला पुसून टाकलंस!”

मग विश्वजीत उठला.

“अप्पा, ती ओळ सुमाक्काची आहे. मला माहीत होतं, तरी मी सुम्ने बसलो. माझंच चुकलं!”

त्याने कपाटातून चिकटपट्टी गुंडाळलेला एक जुना माइक काढला. याच माइकवर सुमाने ती ओळ म्हटली होती. मनोहररावांनी तो हातात घेतला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. माइक त्यांनी तलवारीला लागून ठेवला आणि कुंकवाचा करंडा सुमापुढे धरला.

“तूच लाव, मगळे, माझ्या लेकी. मी चुकलो.” मग कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले, “दाखवा सगळ्यांना. चौघं होती!”

सुमाने ट्रे खाली ठेवला. जुन्या माइकला कुंकू लावलं. मग तलवारीलाही.

“मॅडम, ती ओळ एकदा म्हणा ना,” टीव्हीवाला म्हणाला.

सगळे तिच्याकडे बघू लागले. तिने तोंड उघडलं. शाळेतल्या पोरांनाही पाठ असलेली ती ओळ तिला येईना. लाज नव्हती, रुसवाही नव्हता. आतून काही येतच नव्हतं.

“साकु,” भवानीबाई म्हणाल्या. “पुरे. तिला घाई करू नका.”

सुमाने माइक उचलला. थोडा वेळ ती आपल्या हातांकडे बघत राहिली.

“मी सुमा,” ती म्हणाली. “चौथी.”

एवढंच. तिने खाली ठेवलेला ट्रे विश्वजीतने उचलला आणि सगळ्यांना कॉफी दिली.

वाचकहो, माफी मागितली की बधिरपणा त्याच क्षणी उतरतो असं नाही. लेकीचं नाव पुसायला एक वाक्य पुरतं, पण तिचा आवाज परत यायला किती काळ लागेल हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून तुमच्या घरी कौतुकाचा दिवस येईल, तेव्हा एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघा. तिथे जी उभी असेल, तिचं नाव चारचौघांत मोठ्याने घ्या. तिला ते ऐकून काही वाटतंय, तोवरच घ्या!